माना डोलावतात, पण तपासणीला येत नाहीत

एका परिचारिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मोफत ठेवली, घरोघर सांगून आलो, पत्रकं वाटली. बायका नीट ऐकून घेतात, माना डोलावतात आणि ठरलेल्या दिवशी फिरकत नाहीत. आड नेमकं काय येतं? अज्ञान, लाज, भीती की घरचे लोक?

चारही येतात. पण तुमच्या यादीत अज्ञान पहिलं आहे, तिथे मी अडखळले. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं माझीही यादी अशीच होती. बाई आली नाही की ‘जागृती कमी आहे’ असा शेरा मारायचा आणि आणखी एक व्याख्यान ठरवायचं. व्याख्यानाला बायका यायच्या, तपासणीला यायच्या नाहीत. पुढे मी न आलेल्या बायकांशी बोलायला लागले. तपासणी कशासाठी असते हे त्यातल्या बऱ्याच जणींना पुरेसं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे: कपडे किती काढावे लागतात, आत कोण कोण असतं, दुखतं का, दिवस किती मोडतो, आणि काही निघालंच तर पुढे कोण बघणार. आमच्या एकाही पत्रकात यातलं काही नव्हतं.

तेव्हापासून माझं मत बदललं. बाई येते की नाही, हे तिच्या माहितीपेक्षा आपण तिच्यापुढे ठेवलेल्या वाटेवर जास्त ठरतं. नुसतं मत म्हणून सोडून देऊ नका, दोन उदाहरणं देते.

इंग्लंडमध्ये पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी अलगद खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची चाचणी, १९६० च्या दशकापासून होत होती, पण जिला सुचेल तिने करून घ्यावी अशा पद्धतीने. १९८८ मध्ये तिथे प्रत्येक पात्र स्त्रीला नावानिशी पत्र पाठवण्याची आणि मुदत झाली की पुन्हा बोलावण्याची देशव्यापी पद्धत सुरू झाली. १९९० पासून ठरलेलं प्रमाण गाठणाऱ्या डॉक्टरांना त्यासाठी मोबदलाही मिळू लागला. तपासणी झालेल्या स्त्रियांचं प्रमाण १९८८ मध्ये ४२ टक्के होतं, ते १९९४ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेलं. बायका त्याच, चाचणीही तीच. सहा वर्षांत साऱ्या देशाची लाज आणि भीती निम्म्यावर आली असं कुणी म्हणणार नाही. बोलावण्याची पद्धत बदलली होती.

दुसरं उदाहरण मुंबईचं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या भागांत दर दोन वर्षांनी व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी बघण्याची तपासणी केली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. सहभाग ८९ टक्क्यांच्या आसपास गेला आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच देशात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, तेव्हा अशी तपासणी कधी तरी झालेल्या जेमतेम १.९ टक्के निघाल्या. ८९ आणि १.९ यांच्यामधलं अंतर शिक्षणाने किंवा गरिबीने समजत नाही. मुंबईतल्या त्या बायका काही शिकलेल्या-सवरलेल्या, पैसेवाल्या नव्हत्या. त्यांच्या दारापर्यंत कुणी तरी गेलं होतं, पुन्हा पुन्हा गेलं होतं, आणि तपासणारी त्यांच्या ओळखीची झाली होती.

याचा अर्थ बाईच्या मनात काही अडत नाही असा नाही. अडतं, आणि ते एकेक करून समजून घ्यायला हवं.

पहिली अडचण साधी आहे: ती बरी आहे. दात दुखला की माणूस दंतवैद्याकडे जातो. इथे काहीच दुखत नाही, अंगावरून काही जात नाही, पाळी नियमित आहे, आणि आपण म्हणतोय की आतून तपासून घ्या. या रोगाचा सगळा डाव त्या शांततेतच आहे. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर त्यापासून कर्करोग व्हायला निरोगी प्रतिकारशक्तीच्या स्त्रीत साधारण १५ ते २० वर्षं लागतात. मधल्या काळात पेशी बदलत असतात, तो बदल चाचणीत दिसतो आणि छोट्या उपचाराने काढून टाकता येतो. म्हणजे तपासणीचा सगळ्यात जास्त उपयोग तेव्हाच, जेव्हा बाईला ती अनावश्यक वाटते. ‘कर्करोग लवकर शोधू या’ असं मी म्हणायची तेव्हा ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर एक पडदा पडायचा. ‘कर्करोग व्हायच्या आधीचा बदल शोधतो, तो तिथेच काढला की प्रश्न मिटतो’ असं सांगायला लागले, तेव्हा प्रश्न यायला लागले. बाईने प्रश्न विचारला की समजावं, ती येण्याचा विचार करतेय.

याची उलटी बाजू तुमच्या कामात रोज येत असणार. आलेल्यांपैकी बऱ्याच जणी त्रास असतो म्हणून येतात: पांढरं जातं, कंबर दुखते, संबंधानंतर रक्त जातं, पाळी बंद होऊन वर्षं झाली तरी पुन्हा डाग दिसतो. अशा बाईला रांगेत बसवून चाचणी घेऊन घरी पाठवू नका. रक्तस्रावाची तक्रार असेल तर तिला तज्ज्ञाने थेट तपासायला हवं. चाचणी ‘ठीक’ आली म्हणून निर्धास्त राहणं तिच्या बाबतीत धोक्याचं आहे. एखादी अशीच निसटली आणि वर्षभराने रोग निघाला, की ‘तपासणी करूनही झालाच’ ही गोष्ट पन्नास बायकांपर्यंत पोचते. त्या पन्नास मग येत नाहीत.

आता तपासणीच्या टेबलाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त बायका आपण इथे गमावतो, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोलतो.

लाज वाटते हे खरं आहे. पण ‘लाज’ या एका शब्दाखाली आपण किती गोष्टी ढकलतो ते बघा. दार नीट लागत नाही. पडदा आहे, पण तो अर्धाच ओढला जातो. बाई पाय वर घेऊन झोपलेली असताना कुणी तरी रजिस्टर मागायला आत येतं. शिकणारी चार मुलं उभी असतात आणि ‘चालेल ना?’ हे तिला झोपवल्यावर विचारलं जातं. ‘एवढं काय घाबरता, मुलं झालीत ना तुम्हाला?’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर शिकत असताना एकदा मी ते बोललेही आहे. त्या बाईने काही उत्तर दिलं नाही, उठली, साडी नीट केली आणि गेली. नंतर ती आमच्याकडे परत आली नाही. तिला लाजरी म्हणायचं की शहाणी?

तांत्रिक बाजूही आहे. स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनीमार्ग उघडा धरणारं साधन) एकाच मापाचा नसतो, पण घाईच्या ठिकाणी हाताला लागेल तो वापरला जातो. माप लहान घेणं, धातूचा असेल तर कोमट पाण्यात धरून गार काढणं, थोडं पाणी किंवा बेताचं वंगण वापरणं, आधी दाखवणं, ‘आता स्पर्श करते’ असं सांगून मगच स्पर्श करणं, ‘थांबा म्हणालात की मी थांबेन’ असं आधी सांगणं आणि ती म्हणाली की खरोखर थांबणं. काही जणींना स्पेक्युलम स्वतः आत सरकवायला दिला तर सोपं जातं. या सगळ्याला मिळून दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये योनीमार्ग कोरडा आणि नाजूक झालेला असतो, त्यांना तपासणी खरोखरच दुखते. ‘सोसा थोडं’ म्हणण्यापेक्षा काही दिवस इस्ट्रोजेनचं क्रीम लावून मग बोलावणं हा साधा उपाय आहे. अर्थात तो कुणाला चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि काही बायकांच्या बाबतीत टेबलावर झोपणं हीच मूळ भीती असते. ज्यांच्यावर कधी जबरदस्ती झालेली असते, त्यांचं शरीर या आसनात आपोआप आक्रसतं. त्या कारण सांगणार नाहीत, तुम्ही खोदून विचारूही नका. एखादी बाई दोनदा तारीख घेऊन दोन्ही वेळा आली नाही, किंवा टेबलाशी येऊन परत फिरली, तर हट्टी म्हणून तिच्या नावावर काट मारू नका. स्वतः नमुना घेण्याची चाचणी (त्याबद्दल खाली सांगते) अशा स्त्रीसाठी फार मोठी सोय आहे.

तपासणारा पुरुष असेल तर बऱ्याच जणी येत नाहीत, हे जगभर दिसतं. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुंबईच्या अभ्यासाने दाखवलंय की डॉक्टर नसलेली, पण नीट शिकवलेली बाई हे काम चांगलं करू शकते.

तिसरी गोष्ट आता नव्याने महत्त्वाची झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्ही डीएनए चाचणीला, म्हणजे नमुन्यात हा विषाणूच शोधणाऱ्या चाचणीला, पहिली पसंती दिली आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच आहे: तीसनंतर सुरू करून पाच ते दहा वर्षांनी एकदा केली तरी पुरते. उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा सहभाग असलेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पण या चाचणीबरोबर एक प्रश्न येतो, जो जुन्या स्मिअरबरोबर येत नव्हता. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बाईला हे कळलं की तिच्या मनात पहिला विचार कर्करोगाचा येत नाही. ‘मला कुणाकडून आला?’ किंवा ‘घरी काय म्हणतील?’ हा येतो.

इथे माझी एक चूक सांगते. एका बाईची चाचणी पॉझिटिव्ह आली. निकाल सांगताना तिचा नवरा सोबत बसलेला होता, मी त्याला बाहेर बसायला सांगितलं नाही. विषाणू कसा पसरतो ते सांगितलं आणि खोलीतली हवाच बदलली. दोघं एकमेकांकडे न बघता उठले. पुढच्या कॉल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघण्याच्या तपासणीला, ती आली नाही. नोंदवहीत नंबर नवऱ्याचाच होता, तो कुणी उचलला नाही. तेव्हापासून दोन नियम केले: निकाल आधी बाईला एकटीला, आणि नोंदवहीत विचारूनच लिहायचं की निरोप कोणत्या नंबरवर, कुणाजवळ दिला तर चालेल.

सांगायचं काय? लपवू नका, पण पूर्ण सांगा. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतो. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकतो आणि आपल्याला त्याच शोधायच्या आहेत. आज चाचणीत दिसला याचा अर्थ तो काल आला असा नाही. कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यामुळे या चाचणीवरून कुणाच्या वागण्याचा निवाडा करता येत नाही. हे चाचणीच्या आधी सांगायचं. निकालानंतर सांगितलं की ते सारवासारव वाटतं.

घरच्यांबद्दल तुम्ही विचारलं आहे. नवरा किंवा सासू नको म्हणते, असं होतं. पण मला तरी थेट नकार कमी वेळा भेटला. जास्त वेळा असं दिसतं की कुणी नको म्हणत नाही, फक्त तिचा दिवस मोकळा करून द्यायला कुणी पुढे येत नाही. लहान मूल कुणाकडे ठेवायचं, म्हाताऱ्या माणसाला दुपारचं औषध कोण देणार, कामावर अर्धा दिवस खाडा झाला तर तो कोण भरून देणार? मुलाचा ताप, सासऱ्यांचं रक्तदाबाचं औषध आणि स्वतःची तपासणी असं सगळं एका दिवसात आलं, तर काय गळतं ते सांगायला नको. ‘मोफत’ हा आपला शब्द आहे. तिच्या हिशेबात प्रवास आहे, मोडलेला रोज आहे, आणि दोनदा यावं लागणार असेल तर सगळं दुप्पट आहे. म्हणून सकाळी दहा ते एक ही वेळ कुणाच्या सोयीची आहे, ते एकदा बघा. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी तासभर ठेवलं तरी येणाऱ्या बायकाच बदललेल्या दिसतात.

आणि पाळी. या बारीक गोष्टीने किती बायका गळतात याची कुणी मोजदाद करत नाही. आपण पंधरा दिवस आधी तारीख देतो, त्या दिवशी पाळी येते. रक्तस्राव चालू असताना चाचणी टाळतात, हे तिला सांगितलेलं असतं. मग ती येत नाही, आणि ‘पाळी आली, दुसरी तारीख द्या’ असं अनोळखी माणसाला फोनवर सांगणं तिला जमत नाही. आपल्या नोंदीत ती ‘गैरहजर’ होते. तारीख देतानाच म्हणा, ‘ताई, त्या दिवशी पाळी आली तर पुढच्या आठवड्यात कुठल्याही दिवशी या, नुसतं माझं नाव सांगा.’ फुकटचा उपाय आहे.

यापुढचा मुद्दा आपल्यालाच टोचणारा आहे. जगभरच्या अभ्यासांत तपासणी करून घेण्यामागचं एक ठळक कारण वारंवार दिसतं: डॉक्टर किंवा परिचारिकेने तिला समोरासमोर ‘तुमची करून घेऊ या’ असं म्हणणं. बाई आरोग्यसेवेच्या संपर्कात नसते असं नाही. बाळंतपणात, लसीकरणाला मुलाला घेऊन, गर्भनिरोधकासाठी, मधुमेहासाठी ती येतच असते. पण तिला कुणी विचारत नाही. डॉक्टर म्हणतो वेळ नाही, परिचारिका म्हणते डॉक्टरांनी लिहिलं नाही. आणि आपल्यातल्या किती जणींनी स्वतःची करून घेतली आहे? मी एकदा प्रशिक्षणाला बसलेल्या आरोग्यसेविकांना हात वर करायला सांगितलं. वर आलेले हात बघून त्या दिवशीचं व्याख्यान मी थांबवलं आणि आधी त्यांचीच तपासणी ठेवली. ‘मी केली, असं असं वाटलं, दोन मिनिटं अवघडल्यासारखं झालं’ असं जी सांगू शकते, तिचं बायका ऐकतात.

काही गट आपल्या नजरेतूनच सुटतात. पन्नाशीपुढच्या बाईला वाटतं, पाळी गेली, संबंध नाहीत, आता मला काय होणार. प्रत्यक्षात जुना संसर्ग त्या वयात डोकं वर काढू शकतो. (व्हीआयए करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाचा बघायचा भाग आत सरकतो, तिथे ही पद्धत भरवशाची राहत नाही.) विधवा आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना ‘मी कशाला गेले, लोक काय म्हणतील’ हा धाक असतो. अविवाहित स्त्रीला तर आपण विचारतच नाही, किंवा असं विचारतो की खरं उत्तर देणं तिला अशक्य व्हावं. ज्यांचे संबंध स्त्रियांशीच आहेत त्यांना ‘तुम्हाला गरज नाही’ असं चुकीचं सांगितलं जातं. व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईला टेबलावर चढवायची सोय नसते, म्हणून ती तपासणीबाहेर. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याची शक्यता सहा पट असते, त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि अधिक वेळा व्हायला हवी. पण त्यांच्या औषधाची खिडकी एकीकडे आणि ही तपासणी दुसरीकडे असते. लस घेतलेल्या मुली मोठ्या होतील तेव्हा ‘मी लस घेतली आहे’ म्हणून थांबतील. लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीवर नाही, त्यांनाही तपासणी लागेल. पिशवी काढलेल्या स्त्रीचं मात्र कागद बघून ठरवायचं: गर्भाशयमुखासह काढली असेल आणि ती पेशींतल्या गंभीर बदलासाठी काढली नसेल, तर तिला बहुधा गरज उरत नाही.

आता निकालाविषयी. तपासणीला येणं आणि तपासणीनंतर काय झालं, या दोन गोष्टी आपण वेगळ्या मोजतो. बायका त्या वेगळ्या मोजत नाहीत. शेजारणीचा नमुना घेतला आणि निकाल आलाच नाही. किंवा ‘नमुना पुरेसा नव्हता, परत या’ असा निरोप आला. किंवा दोष निघाला, मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथे तीन खेपा झाल्या आणि शेवटी तिने नाद सोडला. हे तिन्ही अनुभव गावात, चाळीत, कामाच्या ठिकाणी फिरतात आणि पुढच्या फेरीची गर्दी तेच ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी ९०–७०–९० ही उद्दिष्टं ठरवली, त्यात ९० टक्के मुलींना १५ वर्षांच्या आत लस आणि ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या व ४५ व्या वर्षापर्यंत चांगल्या दर्जाची चाचणी, हे दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. तिसरा आकडा, म्हणजे दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार, तो मागे पडतो. माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे: उपचाराची वाट आधी पक्की करा, मग बोलावणं पाठवा. जमत असेल तिथे त्याच दिवशी थर्मल ॲब्लेशनसारखा (बदललेल्या पेशी उष्णतेने नष्ट करण्याचा) छोटा उपचार करून सोडा. दुसरी खेप वाचली की गळती वाचते.

विश्वासाचा एक धडा आयर्लंडचा आहे. २०१८ मध्ये तिथे उघड झालं की कर्करोग झालेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जुन्या स्मिअरची फेरतपासणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष त्यातल्या बहुतेकींना कळवलेच नव्हते. विकी फेलन या बाईंनी न्यायालयात जाऊन, गप्प राहण्याची अट न स्वीकारता, ते बाहेर आणलं. चाचणी कधी कधी चुकते, हे बायकांना समजावता येतं. कोणतीच चाचणी शंभर टक्के नसते. लपवल्याचं दुःख वेगळं असतं. म्हणून आधीच सांगा की ही चाचणी धोका खूप कमी करते, शून्य करत नाही, आणि मधे कधी रक्त गेलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं.

भीती दाखवून बायका येतात का? येतात, थोडे दिवस. जेड गुडी ही ब्रिटिश दूरचित्रवाणीवरची प्रसिद्ध तरुणी २००९ च्या मार्चमध्ये २७ व्या वर्षी याच कर्करोगाने गेली. तिच्या आजाराची बातमी फुटल्यापासूनच्या वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक तपासण्या जास्त झाल्या. मग लाट ओसरली. आज तिथलं प्रमाण ७० टक्क्यांच्याही खाली आलं आहे, पत्रं वेळेवर जात असूनही. म्हणजे मी वर ज्याचं कौतुक केलं ती पत्राची पद्धतही कायमची पुरत नाही. तरुण मुलींना वेळ मिळत नाही, अवघडलेपण तसंच आहे, आणि रोग डोळ्यांआड गेला की त्याची आठवणही जाते. भयंकर चित्रं लावण्याच्या मी तर विरोधात आहे. जिला आधीच धास्ती आहे ती त्या चित्रांनी आणखी लांब पळते, आणि जिला नाही ती ढिम्मच राहते.

स्वतः नमुना घेण्याबद्दल बोलायचं राहिलं. एचपीव्ही चाचणीला गर्भाशयमुख डोळ्यांनी दिसावं लागत नाही. मऊ काडी किंवा छोटा ब्रश योनीमार्गात थोडा आत घालून फिरवला, नळीत ठेवला की झालं. बाई ते आडोशाला स्वतः करू शकते. चांगल्या प्रतीची चाचणी वापरली तर अचूकता डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास जाते. अर्जेंटिनाच्या हुहुय प्रांतात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरभेटीत हा पर्याय हातात दिला, तेव्हा ८६ टक्के स्त्रियांची तपासणी झाली. नुसतं ‘केंद्रावर या’ सांगितलेल्या गटात २० टक्के. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून कार्यक्रमातल्या प्रत्येक स्त्रीला ही मुभा दिली. टेबल, पडदा, पुरुष डॉक्टर, मोडलेला दिवस, वर लिहिलेल्या निम्म्या अडचणी यात एका फटक्यात बाजूला होतात.

तरी ही जादूची कांडी नाही. ‘मी नीट घेतलं का?’ ही शंका जवळपास प्रत्येकीला येते, म्हणून पहिल्यांदा कुणी तरी जवळ असावं. काडी चुकून मूत्रमार्गाला किंवा गुदद्वाराला लावू नये म्हणून साधं चित्र द्यावं. आणि पॉझिटिव्ह आली की तिला टेबलावर यावंच लागतं. तेव्हा जर अर्धा पडदा आणि ‘एवढं काय घाबरता’ हेच वाट बघत असेल, तर गळती फक्त एक पायरी पुढे सरकेल.

तुम्ही विचारलंत आड काय येतं. तुमच्याकडच्या बायकांपुरतं खरं उत्तर त्याच देतील. न आलेल्यांपैकी दहा-बारा जणींना भेटा, रजिस्टर आणि तपासणीचं सामान न घेता. ‘का आला नाहीत’ असं विचारलं की जाब विचारल्यासारखं होतं. ‘यायचं ठरवलं असतं तर काय काय अडलं असतं?’ असं विचारा. आधी ‘वेळच मिळाला नाही’ असं म्हणतील. ते सभ्य उत्तर आहे, ते लिहून घ्या आणि बसून राहा. तुम्ही उठून दाराशी आल्यावर जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. मात्र त्याआधी एक काम करा: गेल्या फेरीत दोष निघून पुढे न आलेल्या बायकांची नावं वेगळी काढा. त्यांच्याकडे याच आठवड्यात जा, बाकीच्या नंतर.